साहेबांच्या नावावरची गाडी

जुनी गाडी कशी विकावी हे लोकांनी माझ्याकडून शिकावं, असं मी एके काळी छातीठोकपणे सांगत असे. माझी खटारा गाडी मी कुणा ऐऱ्यागैऱ्याला नव्हे, थेट आमच्या साहेबांना विकली होती! निवृत्तीला तीन महिने उरलेले, पेन्शनचे कागद साहेबांच्या टेबलावर, आणि साहेब माझ्या गाडीत. यापेक्षा सुरक्षित व्यवहार दुसरा कुठला?

"नाव बदलायची फी मी भरतो," साहेब म्हणाले होते. साहेब म्हणाले म्हणजे झालंच.

महिन्याभरात पहिली नोटीस आली. सिग्नल तोडला. मग दुसरी, शाळेसमोर भरधाव. मग तिसरी, रुग्णवाहिकेला वाट दिली नाही. तिन्ही माझ्या नावावर! तिन्ही दंड मी मुकाट्याने भरले. पण तिसरीच्या तळाशी ठळक अक्षरांत होतं, 'आणखी एक चूक झाल्यास अटक.'

बायकोने ते दोनदा वाचलं.

"अहो, तुम्ही तर सायकललासुद्धा वाट देता!"

"अगं, गाडी साहेब चालवतात. फीच भरली नाही त्यांनी, म्हणून कागदोपत्री मीच मालक."

"मग सांगा त्यांना."

"पेन्शनवर सही व्हायचीय!"

"मग बसा तुरुंगात. डबा मी पाठवणार नाही, आधीच सांगते."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय?"

"काही नाही, पंखा चालतोय ना, बघायला आलो."

तासाभराने पुन्हा शिरलो. पंख्याचं विचारता येईना, म्हणून घड्याळाचं विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" संध्याकाळी ते गाडी काढत, तेव्हा मी वरच्या खिडकीत हात जोडून उभा असे. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, की सकाळी ती परत दिसेपर्यंत मी रुग्णवाहिकांचे भोंगे मोजत असे.

शेवटी भीतीनेच अक्कल दिली. साहेब सह्या करताना वाचत नाहीत, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कळलं नसतं तर मी कसला हेडक्लार्क? रजेच्या अर्जांच्या गठ्ठ्यात मी नाव बदलण्याचा फॉर्म सरकवला. साहेबांनी रजा नामंजूर करायच्या आवेशात सही ठोकली! फी मी माझ्या खिशातून भरली आणि वाहन नोंदणीच्या खिडकीपाशी ताठ मानेने उभा राहिलो.

"चेसिस नंबरचा ठसा कुठाय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"ठसा?"

"बोनेटखाली सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची. लहानपणी नाण्यावर करायचात ना, तसं."

"पण बाई, गाडी दुसऱ्याकडे असते."

"मग दुसऱ्याकडे जाऊन घासा. चला, पुढचे!"

गाडीची दुसरी किल्ली साहेबांना द्यायची राहूनच गेली होती. दुपारच्या सुट्टीत ती घेऊन मी वाहनतळावर गेलो, बोनेट उघडलं आणि कमरेपर्यंत आत शिरलो. हात असे थरथरत होते, की पेन्सिल घासावी लागली नाही, नुसती धरली तरी चालत होती. ठसा उमटला, कागद खिशात गेला, आणि मागून कुणीतरी काठीने ढोसलं.

"ए! बाहेर ये! चोर! चोर!"

वॉचमन! मी दचकून डोकं वर केलं, ते बोनेटवर असं आपटलं, की तीन मजल्यांच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. घास चावत साहेब खाली आले.

"तुम्ही? इथे?"

"साहेब... गाडीतून आवाज येत होता."

"बंद गाडीतून?"

आता संपलं, असं म्हणून मी डोळे मिटले. साहेबांचा हात खांद्यावर पडला.

"म्हणजे तुम्हालाही ऐकू येतो! घरी सगळे म्हणतात, माझे कान वाजतात. बघा, बघा, नीट बघा!"

अर्धा तास मी एकच स्क्रू आवळत आणि सैल करत होतो. संध्याकाळी ठसा खिडकीत दिला. गाडीच्या नोंदणीचं नवं पुस्तक हातात पडलं. मालक: साहेब! त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो.

सकाळी साहेबांनी बोलावलं. "आवाज अजून येतोय हो. गाडी तुम्ही परत घ्या आणि माझे पैसे द्या. फी भरली नाही तेच बरं झालं, नाही? कागदोपत्री अजून तुमचीच!"

एका हाताने त्यांनी किल्ली पुढे सरकवली. दुसऱ्या हातात पेन होतं आणि त्याखाली माझे पेन्शनचे कागद. मी किल्ली उचलली. त्यांनी सही केली. अर्थात, न वाचता.

गाडी पुन्हा माझ्या नावावर करायची, तर साहेबांना सगळं सांगावं लागेल. मंजूर झालेली पेन्शन थांबवता येते का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. उत्तर 'हो' आलं तर? म्हणून गेली दोन वर्षं मी वीसच्या पुढे काटा जाऊ देत नाही. हिरव्या दिव्यालाही थांबून खात्री करून घेतो. मागे हॉर्न वाजतात, बायको पदराने तोंड झाकते, पण साहेबांच्या घरी कालपर्यंत एकही नोटीस गेली नव्हती.

काल हवालदाराने अडवलं. म्हणाला, "काका, इतकी हळू चालवून रस्ता अडवणं हाही गुन्हा आहे. घाबरू नका, नोटीस मालकाच्या घरी जाईल!"