सहाच्या विमानाने गेलेला चेहरा

माझा चेहरा सकाळी सहाच्या विमानाने पुण्याला निघून गेला होता, त्यामुळे नऊच्या विमानात मला बसता येईना.

"अहो, पण तिकीट माझं आहे!" मी म्हणालो.

"तिकीट तुमचंच आहे जी," चेहरातपासणीच्या खिडकीवरच्या टेंभुर्णे मॅडम म्हणाल्या. "चेहरा मात्र गेला."

चूक माझीच. दुपारी एकला पुण्यात ईश्वरीचं लग्न. ईश्वरी माझ्या बहिणीची मुलगी. तिचे वडील गेले तेव्हा ती चार वर्षांची होती, तेव्हापासून मीच तिला वाढवलं. मामाने हात धरून नवरीला बोहल्यावर न्यायचं, ही आमची रीत. उशीर नको, म्हणून आम्ही खानझोडे जे करतो तेच मी केलं. आदल्या दिवशीच विमानतळावर येऊन रस्ता, रांग, कॅमेरा, सगळ्याची रंगीत तालीम केली. कॅमेऱ्यासमोर तर तीनदा उभा राहिलो. त्याने चेहरा आत घेतला, आणि मी घरी जाऊन जेवलो.

"मग हे काय आहे?" मी गालावर चापट्या मारत विचारलं.

"ते तुमचं खासगी. सरकारदरबारी चेहरा एकच. तो परत आला की तुम्ही जा. सोमवारी येईल."

"सोमवारी? बाई, मुहूर्त आजचा आहे!"

"ओरडता काहून? मी पाठवला का त्याला?"

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. मी बहिणीला, कुंदाला फोन लावला.

"दादा, इथे पोचलास आणि फोन कसला करतोस?" कुंदा म्हणाली. "पहिल्या रांगेत तर आहेस. पण हात कुठायत तुझे? ईश्वरीने रडून गोंधळ घातलाय. मामाने हात धरल्याशिवाय उठणार नाही म्हणते."

"हात इथेच राहिलेत."

"मग आण ना लवकर!"

मी फोन ठेवला. टेंभुर्णे मॅडमनी सगळं ऐकलं होतं.

"चेहरा सोडून बाकी सगळं सामानात जाते," त्या हळूच म्हणाल्या. "लेकीचं लग्न आहे म्हणून सांगते. व्हा आडवे."

मी सामानाच्या पट्ट्यावर आडवा झालो. त्यांनी मनगटाला चिठ्ठी बांधून बटण दाबलं.

पुण्यात मी पट्ट्यावर सगळ्यात शेवटी आलो. मंगल कार्यालयाच्या दारातही कॅमेरा होताच. "खानझोडे आत बसलेत," म्हणून रखवालदाराने अडवलं. शेवटी आचाऱ्यांच्या पातेल्यांबरोबर मागच्या दाराने शिरलो. एकला तीन मिनिटं कमी होती.

ईश्वरी गौरीहरापाशी पाटावर बसली होती. मी हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला आणि उठली. बोहल्यापर्यंत तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती पहिल्या रांगेकडे बघत होती. तिथे माझा चेहरा ढसाढसा रडत होता, आणि कुंदा पदराने त्याचे डोळे पुसत होती.

माझा जीव नुसता तुटत होता, पण डोळ्यांत टिपूस येईना.