इस्त्रीच्या शर्टातला गरीब हिरो

यंदा गॅदरिंगचं नाटक असं बसवतो की मंडईच्या जत्रेतली नाटकं फिकी पडतील, असं मी स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगून टाकलं! खरं कारण वेगळंच होतं. दरवर्षी नाटक बसवून बसवून मी मेटाकुटीला आलो होतो. हेडमास्तर म्हणाले होते, "एवढं एक चांगलं होऊ द्या, मग पुढच्या वर्षीपासून तुमची सुटका." सुटकेसाठी माणूस काय नाही करत!

गोष्ट घेतली शाळेतल्या प्रेमाच्या सिनेमातली, म्हणजे हमखास चालणारी. श्रीमंताची पोरगी, गरिबाचा पोरगा. दहावीच्या वर्गात जुळतं, शिकून मोठा झाल्यावर तो मागणी घालतो, पोरीचा बाप नाही म्हणतो, पोरगी रडते, पब्लिकही रडते. पोरगी म्हणून रुपाला घेतलं. तिची आई बेबीबाई लोकांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाते, पण रुपासारखं रडणं आमच्या आख्ख्या अड्याळ गावात कोणाला जमत नाही. हिरो धनंजय. त्याचे वडील पुंडलिकराव, राईस मिलचे मालक आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष. इथंच मी माती खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी पुंडलिकराव शाळेत हजर. "का जी सर, माहा पोरगा फाटक्या शर्टात? मोठ्या पोराची सोयरीक चालू हाय, साकोलीचे पावणे नाटक पाहाले येऊन राहिले. काय म्हणतीन ते?"

"साहेब, तो नाटकात गरीब आहे."

"मंग राहू द्या ना गरीब! शर्ट तेवढा इस्त्रीचा घाला."

शर्टाला इस्त्री झाली. मग चपलेचे बूट झाले. मग गळ्यात सोन्याची साखळी आली. नाटकाच्या दिवशी तर आमचा गरीब हिरो कोऱ्या करकरीत मोटरसायकलवर थेट स्टेजच्या पायरीपर्यंत आला! बिचारी रुपा मात्र शेजारणीकडून मागून आणलेल्या साडीत श्रीमंत झाली होती.

पोरीच्या बापाचं काम करणारा अमर नेमका तापानं फणफणला, म्हणून मिशी लावून मीच उभा राहिलो. वाक्य होतं, "चालता हो, भिकारड्या!" समोर पहिल्या रांगेत पुंडलिकराव, बाजूला साकोलीचे पावणे. माझी जीभच वळेना. तोंडातून निघालं, "या ना जवाईबापू, बसा. चहा घेता?"

टाळ्या! नाटक अर्ध्यातच खल्लास!

"अन् माह्यं रडणं, सर?" रुपा कुजबुजली. बापानं नाही म्हटल्याशिवाय तिला रडता येईना. "महिनाभर पाठ केलं जी मी. माय पाहाले आली हाय." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला लाज वाटली, तरी मी पडदा ओढायची खूण केली.

पोरगी कसली ऐकते! दोन पावलं पुढं आली आणि किंचाळली, "बाबा! मलेच नाई करायचं याच्यासंगं लगन!" आणि जे काही रडली म्हणता! सगळ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. बेबीबाई तर उभी राहून सांगत सुटली, "माह्यीच पोट्टी होय जी!"

साकोलीचे पावणे मात्र उठले. "एवढी गाडी, एवढी साखळी, तरी पोट्टी नाई म्हणते? घरातच काही खोट असंल," म्हणाले आणि सोयरिकीची बोलणी न करताच गेले.

पुंडलिकराव तडक स्टेजमागं आले. मी मिशी उपटून हात जोडले. म्हटलं, नोकरी जाते तर जाऊ दे, निदान गॅदरिंग तरी सुटेल!

"सर," ते धप्पकन खुर्चीवर बसले, "पुढच्या साली बी तुमीच बसवा. पोराले पार भिकारी करा, पण त्या पोट्टीले हो म्हणाले लावा!"