भीमराव अण्णांची साक्ष

आमच्या उणकलच्या नव्या वसाहतीत पायी चालतानाही वळायच्या आधी हात दाखवणारा एकच माणूस आहे: शेजारचे भीमराव अण्णा. उजवीकडं दुकानात जायचं असलं की अण्णा कोपऱ्यावर थांबणार, मागं बघणार, हात आडवा लांब करणार आणि मगच वळणार. एकदा तो हात मागून येणाऱ्या भाजीवाल्याच्या तोंडावर बसला. अण्णांनी माफी मागितली, पण "तू अंतर ठेवलं नव्हतंस" हेही सांगितलं.

त्यांचं पालुपद ठरलेलं. "कायदा म्हणजे कायदा. हौदिल्लो, होय का नाही?" आपण "हौद्री, खरं आहे" म्हणेपर्यंत समोरून हलायचे नाहीत.

दुर्गदबैलच्या बाजारात, गर्दीत हातगाडी चुकवताना त्यांची स्कूटर एकेरी रस्त्यात उलटी शिरली. कुणीच बघितलं नव्हतं. अण्णा स्वतः पोलिसाला शोधत गेले आणि दंड मागू लागले. त्यानं चहा पाजून परत पाठवलं. "गुन्हेगाराला चहा पाजतात का हो?" असं ते कितीतरी दिवस सगळ्यांना विचारत होते.

आम्ही हसायचो. मग ते हसणं थांबलं.

एका संध्याकाळी तळ्याजवळ उलट्या बाजूनं आलेल्या गाडीनं फुलं विकणाऱ्या गिरिजाक्काला उडवलं. पाय मोडला. गाडी एका बड्या पुढाऱ्याची, चालवत होता त्याचा पुतण्या. बघणारे पुष्कळ होते. पोलीस येईपर्यंत अण्णा एकटे उरले. लगेच पुढाऱ्याचा ड्रायव्हर "गाडी मीच चालवत होतो" म्हणत ठाण्यात हजर झाला.

अण्णांनी जबाब दिला, "ड्रायव्हर मागं बसला होता. मी बघितलोय."

तेव्हापासून आमच्या गल्लीत एक पांढरी गाडी येऊन थांबू लागली. आतून कुणी उतरायचं नाही. माझ्या बायकोनं पोरीला अंगणात सोडणं बंद केलं. एका सकाळी दोघं उतरले आणि चक्क अण्णांच्या पाया पडले.

"अण्णा, वय झालं. संध्याकाळी नीट दिसत नसेल."

"दिसतंय की. तुमच्या गाडीची नंबरप्लेट वाकडी आहे. नीट करून घ्या."

पाठोपाठ अण्णांना पालिकेची नोटीस आली: घराची पायरी वीतभर रस्त्यावर आलीय, काढा. पुढाऱ्याचं अख्खं कार्यालय गटारावर उभं आहे, त्याला काही नाही. मी चिडलो, "अण्णा, हा सरळ सूड आहे!"

त्यांनी टेप लावून मोजलं. "वीतभर आलीय खरी." आणि पहार आणून पायरी स्वतःच फोडली. आता चौकट धरून, कण्हत घरात चढतात.

पुष्कळ तारखा पुढं ढकलल्यावर साक्षीचा दिवस उगवला. मी बरोबर गेलो. वकिलानं विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" अण्णांनी थेट मागच्या बाकाकडं बोट केलं. तिथं पुतण्या बसला होता. "तो. त्या दिवशी निळा शर्ट होता." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर पुतण्या हसत जवळ आला. "आजोबा, घरी जपून जावा हं."

अण्णा माझ्याबरोबर घराकडं परतले. गल्लीत पांढरी गाडी उभीच होती. ते आपल्या दारापर्यंत गेले, कुलपाकडं बघितलं आणि आमच्याकडं आले.

"जरा वेळ बसू का?"

बायकोनं पाणी दिलं. पिताना निम्मं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

"भ्यालोय मी," अण्णा म्हणाले. "पहिल्यापासनं भ्यालोय. आमची ही होती तोवर तिला सांगायचो. आता कुणाला सांगू?"

"मग कशाला गेलात साक्षीला?"

"गिरिजाक्का विचारत होती, 'अण्णा, तुम्ही येणार नव्हं?' तिलाही कोण नाही री." ते खाली बघून सदरा पुसत राहिले.

बायकोनं ताट वाढलं. अण्णा हळूहळू जेवले. जेवण झालं तरी उठेनात. तिनं आतल्या खोलीत त्यांच्यासाठी चटई अंथरली, आणि मी जाऊन आमच्या दाराला आतून कडी लावली.