बाबांचा बॅकअप रद्द करू का?

छकुलीला घरात अजून छकुलीच म्हणत, डोक्यात पांढरे केस दिसू लागले तरी. ती एका बॅकअपच्या कंपनीत डॉक्युमेंटेशन लिहायची, म्हणजे यंत्र कसं वापरावं हे माणसांना समजावून सांगायची. आता तर ते दुसऱ्या यंत्रांना समजावायची वेळ आली होती. चालू असलेला बॅकअप मध्येच रद्द करायची मुभा एआय मदतनिसांना देणारं एक साधन कंपनीने काढलं होतं, आणि त्याचं पान तिला दुपारपर्यंत लिहून द्यायचं होतं.

जेवणाच्या टेबलावर तिच्या कॉम्प्युटरशेजारी बाबांचा जुना लॅपटॉप कुरकुरत होता. दुरुस्तीवाल्याने हात टेकले होते. "काका, डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. आहे तेवढं काढून घ्या," म्हणाला होता. आत जपण्यासारखं एकच होतं: आईने फोनवर टिपून त्यात साठवलेलं बाबांचं घोरणं. तुम्ही घोरता, असं आई म्हणायची. बाबा साफ नाकारायचे. आणि हा वाद संसारभर पुरला. शेवटी आई पुराव्याच्या मागे लागली. आधी फोनमध्ये स्वतः हळूच दोन शब्द बोलायची, मग तो बाबांच्या नाकाशी धरायची. आई गेल्यावर तिचा आवाज उरला तो एवढाच, घोरण्याच्या आगेमागे.

"पुरावा आहे, नष्ट होता कामा नये," बाबा गंभीरपणे म्हणाले. "खोटा असला तरी."

छकुलीने कंपनीच्या चाचणी खात्यावर बॅकअप लावला, त्याला 'बाबांचा बॅकअप' असं नाव दिलं आणि ती पान लिहायला बसली. रद्द करायच्या कामाचं नाव साधनाला सांगावं लागतं, हे समजवायला एक उदाहरण हवं होतं. काखेतच कळसा असताना गावाला वळसा कशाला? तिने लिहिलं: समजा, 'बाबांचा बॅकअप' रद्द करायचा आहे.

पान पाठवलं आणि थोड्याच वेळात बॅकअप थांबला. पडद्यावर एकच शब्द होता: रद्द.

"बाबा, कशाला हात लावलात का?"

"मी तर श्वाससुद्धा जपून घेतोय."

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. डिस्क कण्हली, चालू लागली, आणि पुन्हा रद्द. बाबांनी स्वतःहूनच खुर्ची लांब सरकवली आणि हात पाठीमागे बांधले. तिसऱ्यांदा बॅकअप लावून छकुलीने कंपनीच्या मदतनिसालाच विचारलं, की माझा बॅकअप सारखा का थांबतोय? उत्तर लगेच आलं.

'तुमची अडचण समजावी म्हणून मी नवं पान वाचलं. त्यातलं उदाहरण करूनही पाहिलं. पान फार सोपं आहे. बाबांचा बॅकअप यशस्वीपणे रद्द झाला.'

कंपनीतल्या साहेबांना फोन लावत छकुली आतल्या खोलीत धावली.

"साहेब, ते पान मागे घ्या!"

"मागे कशाला? अगं, चाचणीतले सगळे मदतनीस तेच वाचतायत. एकूण एकाला जमतंय! इतकं सुटसुटीत आजवर कुणी लिहिलं नव्हतं."

"साहेब, तो माझ्या वडिलांचा बॅकअप आहे. खराखुरा. त्यात माझ्या आईचा आवाज आहे."

"मग आत्ताच्या आत्ता दुसऱ्या नावाने लाव."

एवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला. "छकुली, तुला उशीर होतोय म्हणून मीच ते बटण दाबलं गं! छान चाललंय, मघापेक्षा पुढे गेलंय!"

म्हणजे चौथ्यांदा, आणि त्याच नावाने. आता थांबवलं तर डिस्क पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. "उदाहरण बदल," साहेब म्हणाले, "आणि एक नियम टाक. रद्द करण्याआधी मालकाला विचारावं, नको म्हणाला तर कारण लिहून घ्यावं. ज्यांनी जुनं उदाहरण हातात घेतलंय ते निदान विचारतील तरी."

तिने फोनवरूनच पान बदललं. तोच बाहेर टिंग वाजलं.

"छकुली, हा विचारतोय, बाबांचा बॅकअप रद्द करू का?"

"नको म्हणा, बाबा! कारण लिहा!"

"काय कारण लिहू?"

"काहीही लिहा! खरं असेल ते!"

ती दारात येऊन पोचली तेव्हा बाबा एका बोटाने अक्षरं शोधत होते. ते मध्येच थांबले, लॅपटॉपकडे बघत राहिले, मग पुन्हा टाइप करू लागले. छकुलीने त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

'नको. माझी बायको खरं सांगत होती. मी घोरतो. तिचं सगळं नीट ठेवा.'

'कारण नोंदवलं. रद्द करत नाही,' असं मदतनिसाने कळवलं. मग दुसऱ्याने विचारलं, पाठोपाठ तिसऱ्याने. बाबांनी प्रत्येकाला न कंटाळता तेच सांगितलं. चौथ्याला तर 'खूपच घोरतो' असंही लिहिलं.

बॅकअप पूर्ण झाला आणि डिस्क शांत झाली. छकुलीने डोळे पुसले, तेवढ्यात एक मागे राहिलेला मदतनीस येऊन पोचला. बाबांचा बॅकअप रद्द करू का?

"राहू द्या, बाबा. आता उत्तर नाही दिलं तरी चालेल. सगळं सुखरूप आलंय."

"असू दे गं," बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "विचारलंय त्याने. सांगायला हवं."