बीम पडला

आमच्या वस्तीखालून अणूहून बारीक कणांना पळवणारं एक अवाढव्य यंत्र जातं आणि ते माझी बायको चालवते. (एकटी नाही, पण मी सांगताना तसंच सांगतो.) त्यामुळे इमारतीत यंत्राविषयी कुजबुज वाढली, तेव्हा मी छाती फुगवून जाहीर केलं, "रविवारी सगळे आमच्याकडे या. ही तुमचं शंकानिरसन करेल."

शंका भरपूर होत्या. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींच्या मते यंत्रातून कृष्णविवर निघून आधी गच्चीवरची टाकी गिळणार होतं. तळमजल्यावरच्या काकूंचं वजन यंत्र सुरू झाल्यापासून वाढत होतं. समाधान झालं नाही तर सोमवारी मोर्चा, तोही बायको रोज ज्या फाटकातून आत जाते तिथेच. जिन्यात तिच्याशी हसून बोलणारी माणसं तिच्यासमोर घोषणा देणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

रविवारी खोली भरली आणि बायकोचा कामावरून फोन आला.

"अरे, बीम पडलाय. यायला उशीर होईल, तोवर सांभाळ."

"बीम?"

"हो. काळजीचं काही नाही, नेहमीचंच आहे." फोन बंद.

"काय म्हणतात वहिनी?" गुरुजींनी विचारलं.

"काही विशेष नाही," मी धीर देत म्हणालो. "बीम पडलाय. नेहमीच पडतो म्हणे."

सगळ्यांनी वर छताकडे पाहिलं. पंख्याजवळ जुना तडा होता.

"तरी मी म्हणत होते, हादरे बसतात," काकू म्हणाल्या आणि उठल्या. मग कोणीच बसलं नाही. गुडघेदुखीचे गुरुजी दोन-दोन पायऱ्या उतरत होते. मीही निघालो. (निघालो कसला, सगळ्यांत पुढे होतो.) हातात बायकोला मिळालेलं पदक, पायात काकूंच्या चपला.

बायको स्कूटरवरून उतरली तेव्हा अख्खी इमारत रस्त्यावर उभी होती. कारण कळल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे वळली.

"गुरुजी, कणांच्या झोताला आम्ही बीम म्हणतो. जरा काही खटकलं की यंत्र तो आपणहून बंद करतं. त्याला बीम पडला म्हणायचं."

"नुसत्या शंकेवर बंद?"

"नुसत्या शंकेवर. आम्ही तपासतो, खात्री झाली की मगच चालू."

जन्मभर शंका काढत आलेले गुरुजी प्रथमच खूश दिसले. "आणि कृष्णविवर?"

"आमच्या यंत्रात कण आदळतात त्याहून जोरदार टकरा वर आकाशात रोज होतात. टाकी आहे ना जागेवर?"

"आणि माझं वजन?" काकूंनी हळूच विचारलं.

"त्यात आमचा हात नाही, काकू."

सगळे हसले. मोर्चा तिथेच रद्द झाला. माझा ऊर इतका भरून आला, की चपला परत करायचंही सुचेना.

तेव्हापासून यंत्राबद्दल काही ऐकलं की सगळी इमारत शंका घेऊन माझ्याच दारात येते. मी दार उघडतो, घसा साफ करतो, आणि ते विचारतात, "वहिनी कधी येतील?"