खुंटावर बसायचं न्हाय

आमच्या धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर कोणी टेकलं की तात्या काठी आपटत आलाच. "ऊठ. तुझ्या बापाची खुर्ची हाय काय?" मग समोर फोटो काढायला आलेली मुंबईची नवरी असो, नाहीतर नगरसेवकाचा मेव्हणा.

माझी चहाभज्यांची गाडी तिथून दहा पावलांवर. तात्या ओरडला की गिऱ्हाईक उठतं, आणि उठलेलं गिऱ्हाईक भजी खायला थांबत नाही. सांगा, मी का चिडू नये? भांडायला गेले तर मलाच म्हणतो, "तुझं त्याल जळतंय, तिकडं बघ." खरंच जळत असायचं, म्हणून आणखी राग यायचा.

पूर्वी इथं मुंबईची लाँच लागायची. तिच्यावरून फेकलेला दोर झेलून खुंटाला बांधायचा, एवढंच तात्याचं काम, पण मिजास कप्तानाची. रस्ता झाला, लाँच बंद पडली. मग मासळीचा लिलाव आला, माझी आई टोपली घेऊन बसायची. तोही हलवला, आणि आता सेल्फी पॉइंट. तात्या मात्र रोज सकाळी साडेदहाला, लाँचीच्या वेळेला, खुंटाला ग्रीस चोपडून उभा. कितीजणांच्या नव्या पँटी त्यापायी वाया गेल्यात.

गेल्या महिन्यात नगरपालिकेची माणसं कटर घेऊन आली. तिथं गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं लावायची होती. तात्या आयुष्यात पहिल्यांदा त्या खुंटावर बसला. दोघांनी त्याला काखेत हात घालून उचललं आणि बाजूला ठेवलं. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण मी झारा घेऊनच धावले, तोंडाला येईल ते बोलले. खुंट जायचा तो गेलाच.

मी तात्याच्या हातात चहा दिला. "आता तरी घरी बसा," रागातच म्हणाले.

"घरी कोन हाय?" तो म्हणाला. "बायको गेली. लाँचीवरनं हाक यायची, 'दामू, दोर.' अजून साडेधाला कान तयार असतो. आता सगळी तात्या म्हनतात. दामू म्हननारं कोन उरलं न्हाय."

मला नगरपालिकेचा राग आला, आणि त्याहून माझा. इतकी वर्षं दहा पावलांवर उभी होते मी.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तो आला आणि खुंटाच्या जागच्या भोकाकडे बघत राहिला. वारा सुटला होता, माझ्या गाडीवरची ताडपत्री फडफडत होती. मी तिचा दोर सोडला, पदर खोचला आणि ओरडले, "दामू, दोर!"

त्याने एका हातात झेलला. "येडे, असा फेकतात काय? आन् वयाचा काय मान हाय का न्हाय?" मग दोर धरून इकडंतिकडं बघायला लागला. बांधणार कशाला?

"माझ्या गाडीला बांधा."

त्याने बांधला. अशी गाठ मारली मेल्याने, की संध्याकाळी मला सुटेना. घरून बोलावून आणावं लागलं त्याला. आता रोज बोलवावं लागतं.