मागच्या रांगेतला तोतया

बेंगळुरातल्या कोरमंगल्याच्या सहाव्या ब्लॉकात माझ्याइतकी तीक्ष्ण बुद्धी दुसऱ्या कुणाला नाही, हे मी नम्रपणे सांगते. नम्रपणा हा माझा दुसरा मोठा गुण. ग्रंथालयात पुस्तकांची सूची करता करता मी नऊशे रहस्यकथा वाचल्या आहेत. खुनी कोण हे मला तिसऱ्या प्रकरणातच कळतं. शेवटच्या प्रकरणात लेखक चुकतो, त्याला माझा इलाज नाही. आमच्या कुकरची हरवलेली शिट्टी मी अकरा दिवसांत शोधून काढली. ती कुकरवरच होती, पण ते सिद्ध करायला वेळ लागला. शिवाय भीती म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही.

तर त्या डिसेंबरात मराठी मंडळाची पत्रिका आली. तिच्या सातव्या पानावर माझ्या वडिलांचं चित्रपट-परीक्षण होतं. 'मागच्या रांगेतून' हे त्यांचं सदर. खाली नेहमीप्रमाणे 'पुरुषोत्तम' अशी सही. परीक्षण 'सातवी खिडकी'चं होतं, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या भुताच्या बंगल्याच्या चित्रपटाचं, जो आता नव्या नटांसह पुन्हा काढला होता. तो नोव्हेंबरात लागला. बाबा ऑगस्टमध्ये गेले.

मी संपादक नरसिंहरावांना फोन केला. त्यांचं घराणं इथं चार पिढ्यांपासून आहे, त्यामुळे ते मराठीत रागावतात आणि कन्नडमध्ये समजूत घालतात.

"कुणीतरी तोतया बाबांच्या नावावर लिहितोय. पुढच्या अंकात जाहीर खुलासा छापा."

"शनिवारी अंक छपाईला जातो, भार्गवी. तोवर नाव आण, छापतो."

"लेख आला कसा?"

"तुमच्याच घरच्या पाकिटातून. श्यामलाक्कांच्या मेथीच्या वड्यांबरोबर. पाककृती, वड्या नव्हेत."

"अक्षर?"

"नेहमीचंच."

श्यामलाक्का म्हणजे माझी आई; पत्रिकेत दर महिन्याला तिची पाककृती असते. मी वहीत नोंद केली : गुन्हेगार आमच्या घरात शिरून आईच्या पाकिटात कागद सरकवतो. अक्षराची नक्कल करण्यात पारंगत. अत्यंत धोकादायक.

आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी तिला परीक्षण वाचून दाखवलं.

"'बंगला वीस वर्षं बंद, तरी तांब्याचा हंडा लखलखीत. भूतच घासत असेल, तर चार दिवस आमच्याकडे पाठवा, विमला गावाला गेली आहे.' आई, तुझा कुणावर संशय?"

"लेख वाईट आहे का?"

"वाईट नाही, तेच तर संशयास्पद आहे."

"मग छापू दे की," आई म्हणाली आणि शेंगांची टरफलं माझ्या वहीवर ठेवली.

आमच्या कामवालीचं नावही विमला आणि तीही गावाला गेली होती. पण बेंगळुरात विमला शेकड्यांनी असतील. असल्या योगायोगांना अनुभवी माणूस भुलत नाही.

पहिला संशयित आमचा वरचा भाडेकरू शंतनु. पुण्याचा, संगणकाच्या कंपनीत. म्हणजे प्रत्येक गोष्टीवर मत असणारच.

"'सातवी खिडकी' पाहिलास?" मी अचानक विचारलं.

"पाहिला ना, ताई. टोटल कॉमेडी! भूत भिंतीतून येतं ना, तेव्हा त्याचे पाय आतच राहतात. ग्राफिक्स अर्धवट. अख्खं थिएटर हसत होतं. मागून एकजण ओरडला, 'स्वल्प बेगा बा, गुरू!' जरा लवकर ये म्हणे."

"आणि मग तू घरी येऊन परीक्षण लिहिलंस."

"मी? ताई, आईला पत्र लिहीत नाही म्हणून ती महिनाभर माझ्याशी बोलत नाहीये."

त्याच्या आईला फोन करून मी खात्री केली. ती माझ्याशी चाळीस मिनिटं बोलली.

दुसरा तर्क : लिहिणारा व्यावसायिक समीक्षक असावा. मी ग्रंथालयातली सगळी वर्तमानपत्रं काढली. एका इंग्रजी समीक्षकाला तो बंगला म्हणजे आधुनिक माणसाचं रिकामं मन वाटलं होतं. दुसऱ्याने जुन्या चित्रपटातल्या दाराच्या करकरीची आठवण काढून तीन परिच्छेद अश्रू ढाळले होते. हंड्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

तिसरा तर्क : नरसिंहरावांनी जुन्या चित्रपटाचं परीक्षणच पुन्हा छापलं. तो जुना अंक मी शोधला. त्यात बाबांनी लिहिलं होतं : 'दाराला वेळेवर तेल घातलं असतं, तर निम्मा चित्रपट झालाच नसता.' म्हणजे लेख वेगळा, पण शैली तीच. तोतयाने पंचवीस वर्षांचा अभ्यास केला होता. त्या संध्याकाळी मी जुने अंक वाचत बसले. तपासाला त्यांची गरज नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी घटनास्थळी गेले. बाबांचं नेहमीचं थिएटर, शेवटची रांग. प्रेक्षक पंधरा. पडद्यावर खिडकी आपोआप उघडली, तेव्हा आवाजाचा बारकाईने अभ्यास करता यावा म्हणून मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ अभ्यास केला.

डोळ्यांवर उजेड पडला. विजेरी घेऊन देवाप्पा उभा होता, तिथला दाराशी तिकीट फाडणारा. बाबांना तो तीस वर्षं ओळखत होता.

"सरांची मुलगी ना?" तो कन्नडमध्ये म्हणाला. "डोळ्यांवरून ओळखलं."

"माझे डोळे बाबांसारखे आहेत?"

"मिटलेले आहेत ना, त्यावरून. भूत आलं की सरांचे डोळे बंद. अम्मा शेजारी बसून सगळं सांगायच्या. पुढचे लोक तक्रार करायचे, मग मी येऊन विजेरी दाखवायचो. अम्मांचं ते एक वाक्य मला मराठी न येता पाठ झालंय : 'उघडा डोळे, गेलं ते.'"

"आई या चित्रपटाला आली होती?"

"पहिल्याच आठवड्यात. एकट्या. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती. भूत आलं, तेव्हा पिशवीकडे वळून तेच म्हणाल्या."

मी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. मग नऊशे रहस्यकथांच्या बळावर विचारलं, "देवाप्पा, मग हे परीक्षण लिहिलं कुणी असेल?"

"अक्का," तो दयेने म्हणाला, "ज्याने सिनेमा पाहिला, त्याने."

घरी आले तेव्हा आई पुढच्या महिन्याची पाककृती लिहीत होती. नेहमीचंच अक्षर.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने नाटक केलं नाही. "लग्न झाल्यापासून. बाकीचे चित्रपट त्यांनीच पाहिले हो. भुताचे तेवढे माझे. येताना बसमध्ये मी सांगायची, ते त्यावर दोन वाक्यं चढवायचे. उतरवून काढायची मीच."

"मग तुझं नाव का नाही?"

"पाककृतीला होतंच की. एका अंकात दोनदा नाव बरं दिसतं का?"

"आणि आता?"

आईने पेनाचं टोपण लावलं. "तीन महिने त्या जागेवर पापडांची जाहिरात येत होती. मला बघवेना." मग म्हणाली, "दोन वाक्यं चढवायला कुणी नव्हतं. ओळखू आलं का?"

"नाही," मी म्हटलं. या प्रकरणात मी खात्रीने सांगितलेली ही एकमेव गोष्ट.

शनिवारी सकाळी मी नरसिंहरावांना फोन केला.

"सापडला तोतया?"

"पुरावा अपुरा आहे. खुलासा राहू द्या. सदर चालू ठेवा."

"सरी, सरी," बरं, बरं, असं ते कन्नडमध्ये म्हणाले. बऱ्याच दिवसांपासून त्यांना कळलेलं असावं, अशी एक पुसट शंका मला आली. ती मी वहीत नोंदवली नाही.

जानेवारीत आणखी एक भुताचा चित्रपट लागला. आम्ही दोघी दुपारच्या खेळाला गेलो. या वेळी पिशवी आईने मांडीवर घेतली. मध्यंतरानंतर विहिरीतून हात वर आला आणि मी आवाजाच्या अभ्यासाला लागले. पुढून कुणीतरी "श्शू!" केलं, कारण आई मला सगळं सांगत होती : हात मेणाचा आहे, नखं वाढली आहेत, विहिरीला रहाट नाही, मग या घरात पाणी भरतात कसं?

देवाप्पाची विजेरी आमच्यावर फिरली आणि विझली.

"उघड डोळे," आई म्हणाली. "गेलं ते."